अठ्ठेचाळीस तारांचा सांधा

या, बसा मंडळी. सरपंचबाई, तुम्ही पण टेका, उभ्यानं ऐकायची गोष्ट न्हाई ही. चहा मागनं बघू. मी रावसो मगदूम, इचलकरंजीचा. सातवीच्या वर्गात बसलो, पण सातवी पास झालो असं कुणी म्हणलं न्हाई. तरी आज तुम्हाला एक गोष्ट सांगणार हाय. तिच्यात एक गुन्हेगार हाय, आणि तो कोण ते आधीच सांगून टाकतो, उगं शेवटपर्यंत डोकं खाजवत बसू नका. तो मी.

काय केलं, ते ऐका.

चाळीस वर्सं मी मागावर काढली. मी आणि इलाही मुजावर. एकाच शेडात चार यंत्रमाग त्याचे, चार माझे, मधी भिंत सुद्धा न्हाई. खडखडाट असा की आम्ही दोघं ओठ बघून बोलायचो. घरी गेल्यावर पण वरडून बोलायचो, तर शेजारी म्हणायचे, मगदुमाच्यात रोज भांडणं कसली लागत्यात.

मागाच्या पाठीमागं बीम असतंय. म्हणजे सुताचा ह्यो एवढा रूळ, त्याच्यावर दोन-अडीच हजार धागे शेजारी शेजारी गुंडाळलेले. आम्ही धाग्याला तार म्हणतो. बीम संपलं की नवं चढवायचं, आणि जुन्याची एकेक तार नव्याच्या एकेक तारेला जोडायची. अशी, ओळीनं, एका रेषेत. दोन बोटं, थुकीचा टिपूस, एक पीळ, की पुढची. दोन हजार सांधे एका फुटाच्या आत. ज्याचा हात चांगला त्याचं बीम सांधल्याचं कापडात दिसतच न्हाई. माझा हात चांगला होता. इलाही म्हणायचा, "रावश्या, तुझा सांधा हुडकायला पोलिसाचं कुत्रं आणाय लागंल."

लई सुखाचे बोल वाटायचे हो ते. माणसाला आपलं काय येतंय ह्याची एक गुर्मी असते बघा. माझी गुर्मी ह्या दोन बोटांत होती.

मग माग गेले. दोन हजार अडतीस साली आमच्या शेडातला शेवटचा माग भंगारात गेला. आणि बंद पडलेल्या सूतगिरणीच्या जागेत नवा कारखाना आला. लोक म्हणायला लागले, तिथं कोळशाचं सूत काढत्यात. मी म्हणलं, आता राखेचं लुगडं नेसा.

त्या कारखान्यात सूत काढायच्या खात्याची मुख्य कोण, तर नसीम. आमच्या इलाहीची थोरली पोरगी. आमच्याच शेडात मागाच्या तुळईला झोळी बांधून वाढलेली, खडखडाट थांबला की जागी होऊन रडायची. पुण्याला जाऊन रसायनात डॉक्टर झाली. ती आली एक दिवस माझ्याकडं आणि म्हणाली, "काका, कामाला येता का?"

"मी काय करू तिथं? झाडू मारू?"

"धाग्यावर नजर ठेवायची. यंत्राला डोळे आहेत, पण यंत्राला धाग्याची सवय नाही. तुम्हाला आहे."

गेलो. पहिल्या दिवशी तिनं मला समजावलं ते मी तुम्हाला सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याच्यावर उभी हाय.

कोळसा म्हणजे कार्बन. त्या कार्बनची एक नळी करत्यात, इतकी बारीक की तुमच्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत पन्नास हजार नळ्या शेजारी शेजारी झोपतील. ती नळी पोलादापेक्षा कितीतरी पटीनं ताकदीची. पण एकटी नळी घेऊन काय करणार, दिसत पण न्हाई. तिचा धागा केला तर उपयोग. मग ह्या नळ्या एका जबर तेजाबात कालवायच्या. तेजाब असं की पाण्याचा थेंब पडला तर धुरळा उडतो, आम्ही डोक्यापासनं पायापर्यंत झाकून असायचो. तेजाबात नळ्या सुट्या होतात आणि त्याचं काळं दाट पीठ तयार होतं.

"आता सोऱ्या आठवा," नसीम म्हणाली. "आई कुरडया कशा पाडायची?"

तसंच. एक जाळी, तिला केसापेक्षा बारीक हजार भोकं. त्यातनं ते काळं पीठ दाबायचं, आणि खाली ताटाच्या जागी दुसऱ्या औषधाचं टाकं. नखाचा रंग काढायच्या पाण्याचा वास येतो बघा, तसा वास त्याला. त्या टाक्यात पडलं की तेजाब निघून जातं आणि पिठाचा घट्ट धागा होतो. मग तो ताणत ताणत पुढं न्यायचा, पाण्यात धुवायचा, भट्टीत वाळवायचा. ताणला की आतल्या नळ्या सगळ्या एका दिशेला सरळ झोपतात, उसाच्या मोळीसारख्या. ताकद त्या सरळ झोपण्यात हाय. नळीला नळी नुसती चिकटून असते, कुणी कुणाला बांधलेलं नसतंय. लांबच लांब अंगाला अंग लागलंय, म्हणून सुटत न्हाई.

हजार भोकांचे हजार केस मिळून एक तार. अशा अठ्ठेचाळीस जाळ्या ओळीनं, म्हणजे अठ्ठेचाळीस तारा. त्या सगळ्या एका ढोलावर गुंडाळायच्या, आणि एका ढोलाची वेणी घातली की एक दोर. पेन्सिलीएवढा जाड, दोनशे मीटर लांब. एक बाई खांद्याला अडकवून चालू शकते, आणि तोच दोर भरलेली नाव महापुरात धरून ठेवू शकतो.

व्हय आजोबा, तोच. तुमच्या पंचायतीत आलाय तोच दोर. नदीकाठच्या गावागावाला दिलाय तो. पुराचं मी तुम्हाला काय सांगू, तुमच्या भिंतींवरनं अजून पाण्याची रेघ गेलेली न्हाई.

नेम एकच होता तिथं, आणि तो नसीमनं मोठ्या अक्षरात भिंतीवर लावलेला. तार तुटली तर ढोल तिथंच कापायचा, वहीत लिहायचं, आणि तो ढोल विजेच्या वायरी करायच्या खात्याला द्यायचा. वायरीला तुटका चालतो. दोराला एकसंध लागतो. वाया पण काय जात न्हवतं बघा. हे ध्यानात ठेवा. नेम पाळला असता तर एका काडीचं नुकसान न्हवतं.

मार्गशीर्षातली दुपार. नसीम कामानिमित्त पुण्याला गेलेली. लाईट गेली, आणि बॅटरी चालू व्हायला दोन-तीन सेकंद उशीर झाला. तेवढ्यात ताण सुटला, परत बसला, आणि भट्टीच्या तोंडाशी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस तारा एका झटक्यात तुटल्या. ढोलाकडची टोकं इकडं, भट्टीकडची तिकडं. सगळी ओळीनं, एका रेषेत.

मला काय दिसलं सांगू? मला बीम दिसलं. संपलेलं बीम, आणि जोडायला थांबलेलं नवं.

यंत्राचा डोळा लाईट गेल्यावर आंधळा होतो, परत जागा व्हायला वीस मिनिटं घेतो, तोवर यंत्र थांबून राहतंय. भोवती कुणी न्हवतं. दोन बोटं, थुकीचा टिपूस, पीळ. दोन बोटं, थुकीचा टिपूस, पीळ. अठ्ठेचाळीस म्हणजे काय हो, आम्ही दोन हजार जोडणारी माणसं. सतरा मिनिटांत झालं. पुढं यंत्रात तारेवर एक लेप चढतो, तो सांध्यावर पण चढला, आणि दिसायचं बंद झालं. मी स्वतः बोट फिरवून बघितलं, मलाच गावला न्हाई.

वहीत एक रकाना असतो, तार तुटणे. मी लिहिलं शून्य.

लाज कसली, मला तवा आनंद झाला. दोन वर्सं मी त्या काचेच्या खोलीत नुसता बघत उभा होतो. आज माझ्या बोटांना काम मिळालं. मनात म्हणलं, बघ म्हातारबुवा, यंत्राला जमलं न्हाई ते तुला जमलं.

दुसऱ्या दिवशी नसीम आली. लाईट गेल्याची नोंद तिनं बघितली होती. म्हणाली, "काका, काल तीन सेकंद वीज नव्हती. तारा तुटल्या नाहीत?"

"एक पण न्हाई."

"नक्की?"

"पोरी, तू झोळीत होतीस तवापासनं मी तारा बघतोय."

हसली ती. सही केली. माझ्या शून्याखाली तिची सही.

मंडळी, इथं मी थांबलो असतो तर एकदाच चुकलो म्हणालो असतो. पण पुढं त्याच थंडीत, संक्रांतीच्या आत कधीतरी, परत तसंच झालं, आणि मी परत तेच केलं. त्या वेळी आनंद पण झाला न्हाई. हाताला वळण पडलेलं. तारीख सुद्धा आठवत न्हाई मला. एवढं ते साधं वाटलं.

आता चुकलं काय, ते ऐका. हे मला नंतर समजलं. सुताच्या तारेला लव असते. पीळ घातला की लव लवेत अडकते, म्हणून सांधा धरतो. कोळशाच्या तारेला लव न्हाई. काचेवर काच ठेवल्यासारखं ते. वरच्या लेपानं तेवढं धरून ठेवलेलं. एकदा ओढून बघितलं तर धरतंय, आणि कारखान्यात दोर एकदाच ओढून बघत्यात. पाण्यात मात्र नाव हिसके देते. शंभर हिसके, पाचशे हिसके. प्रत्येक हिसक्याला सांधा केसभर सरकतो. आणि एक-दोन तारांचा सांधा असता तर बाकीच्यांनी भार घेतला असता. माझे अठ्ठेचाळीस शेजारी शेजारी, बीमावर असतात तसे. एका वितीत दोराचा सगळा जीव.

श्रावणात पूर आला. हरणवाडी तुम्हाला ठाऊक हाय. कृष्णेनं गावाला वेढा दिला. शाळेच्या गच्चीवरनं पलीकडच्या उंचवट्यापर्यंत दोर बांधला आणि त्याला नाव लावून माणसं काढायला लागले. सहा फेऱ्या झाल्या. सातवीला अंगणवाडीच्या कल्लव्वा चढल्या. सगळी पोरं, म्हाताऱ्या आधी काढल्या, आणि स्वतः शेवटच्या फेरीला बसल्या. नावेत पाच माणसं. मधी गेल्यावर दोर तुटला. म्हणजे तुटला न्हाई. सुटला. चौघं बाभळीच्या शेंड्याला लागले. कल्लव्वा दोन दिवसांनी गावल्या.

त्यांचं नाव मी प्रत्येक गावात घेतो. कल्लव्वा. सत्तावीस वर्सं अंगणवाडी चालवली त्यांनी.

चौकशी लागली. अर्धा दोर नदीनं नेलेला, उरलेल्याची टोकं चिंध्या झालेली. सांधा बघायला काय राहिलंच न्हवतं. चौकशीवाल्यांनी वही काढली. दोराचा नंबर, ढोलाची तारीख. त्या दिवशी वीज तीन सेकंद गेलेली. तार तुटणे, शून्य. म्हणजे तारा तुटल्या न्हाईत, तर मग सगळ्या एकाच जागी कमजोर कशा झाल्या? त्यांनी उत्तर काढलं. वीज गेली तवा धुवायचं पाणी थांबलं, तेजाब आत राहिलं, आणि त्यानं दोर आतनं खाल्ला. मुख्य बाईनं तो ढोल बाजूला काढायला पाहिजे होता. काढला न्हाई. वर सही केली.

माझ्या शून्यानं तिला धरलं बघा. तिथं अठ्ठेचाळीस लिहिलं असतं तर.

नसीमला काढून टाकलं. पेपरात फोटो आला. हे झालं भाद्रपदात. आणि मी बोललो कधी, तर फाल्गुनात.

पुरापासनं सात महिने काय केलं म्हणून विचारा की. विचारत न्हाई कुणी, भिडस्त माणसं तुम्ही. जेवलो. झोपलो. नातवाच्या बारशाला घुगऱ्या वाटल्या. मनाला सांगितलं, आता बोलून मेलेली बाई येणार हाय का. मनाला सांगितलं, पोरगी शिकलेली हाय, तिला दुसरीकडं काम मिळंल. असली उत्तरं लई मिळतात हो, मागायला पण लागत न्हाईत.

इलाही रोज संध्याकाळी माझ्या कट्ट्यावर यायचा, चाळीस वर्सांचा नेम. एक दिवस बसला आणि म्हणाला, "रावश्या, तू तिथं होतास. तुझ्या डोळ्यादेखत काम चालायचं. खरं सांग, पोरगीचं काय चुकलं?"

"काय न्हाई चुकलं," मी म्हणलं.

"मग चौकशीत तसं का सांगितलं न्हाईस?"

"मला कोण विचारतंय, इलाही."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू तरी तिच्या बाजूनं हाईस," म्हणाला. त्या रात्री मी तो शर्ट काढला का न्हाई, आठवत न्हाई. एवढं आठवतंय की तो गेल्यावर बायको म्हणाली, असे का बसलाय, ताप हाय का.

मी चौकशीत खोटं बोललो न्हवतो, मंडळी. मला विचारलंच न्हाई कुणी. सातवी नापास म्हाताऱ्याला काय विचारायचं, असं त्यांना वाटलं. आणि मी त्या वाटण्याच्या मागं लपून बसलो.

फाल्गुनात हरणवाडीला गेलो. का गेलो सांगता येत न्हाई. कल्लव्वांचं घर विचारत गेलो. त्यांचे मालक आण्णाप्पा दारात तंबाखू मळत बसलेले. मी म्हणलं, मी कारखान्यातला. वाटलं, हाकलून देतील. त्यांनी पाणी दिलं.

"तुम्ही कामगार माणसं," म्हणाले, "तुमच्यावर आमचा राग न्हाई. त्या मुजावराच्या पोरीनं घात केला. सही करताना हात कसा थरथरला न्हाई तिचा." मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाले, "आली होती ती. पाया पडली माझ्या. मी पाय वढून घेतले."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या. पिऊ का ठेवू कळंना.

"दुसरा दोर आलाय बघा," आण्णाप्पा म्हणाले. "शेजारच्या गावांनी आपल्या पेट्या आपसात फिरवून एक आम्हाला दिली, कुठली कुणाची काय ठाऊक. साहेब म्हणाले, घाबरू नका, खराब तो त्या एकाच तारखेचा होता. बाकी सगळे पास."

बाकी सगळे पास.

तोवर मी मेलेल्या बाईचाच विचार करत होतो, जी काय परत येणार न्हवती. दुसरा सांधा मी विसरूनच गेलो होतो. तो कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी पेटीत, पास होऊन पडलाय. मी गप्प हाय म्हणून पास हाय. आणि चार महिन्यांवर आषाढ.

आण्णाप्पांना तिथंच सांगितलं. ते काय म्हणाले ते मी सांगणार न्हाई, ते माझं मला राहू दे.

तिथनं सरळ इलाहीच्या घरी. दुपारची वेळ. इलाही सोप्यात लसूण सोलत बसलेला, नसीम कसलंतरी यंत्र उघडून बसलेली. मी उभ्यानंच सांगितलं. बसायला तोंड न्हवतं. एकदा न्हाई, दोनदा, हे पण सांगितलं.

इलाहीनं लसणाची परडी बाजूला ठेवली. सावकाश ठेवली. म्हणाला, "किती वेळा माझ्या पोरीच्या हातचा चहा पिलास रे सात महिन्यांत?"

माझी नजर त्या परडीवर.

"मोज की. तुला तारा मोजता येत्यात."

तो आत गेला. तवापासनं आजपर्यंत तो माझ्याशी बोललेला न्हाई. कट्ट्यावरची त्याची जागा तशीच हाय. मी पण तिथं बसत न्हाई.

नसीम मात्र उठली न्हाई. मला वाटलं वरडंल, रडंल. ती हातातला पेचकस बघत होती. मग म्हणाली, "पीळ किती घातला होता?"

"काय?"

"एका सांध्याला किती पीळ? किती लांब?"

"दोन बोटं लांब. सात-आठ पीळ."

"थुंकी लावली?"

"लावली."

तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते, कायतरी हिशोब करत होती डोक्यात. म्हणाली, "मी सात महिने रोज तेजाबाचं गणित मांडतेय. रोज. कुठं राहिलं असेल, कसं राहिलं असेल. गणित जुळतच नव्हतं. मला वाटलं, मला रसायन येतच नाही." मग माझ्याकडं बघितलं. "काका, मला वेड लागायचं बाकी होतं."

मी पाया पडायला वाकलो. तर म्हणाली, "नको. माझे पाय राहू देत. दुसरा दोर कुठं आहे ते बोला."

तारीख आठवंना. मार्गशीर्ष ते संक्रांत एवढंच; वीज त्या दिवसांत लई वेळा गेलेली, नोंदीवरनं पण गावंना. त्या दिवसांतले दोर एकसष्ट. आणि पुरानंतर गावांनी आपसात बदलले, तेव्हा कुठला नंबर कुठं, कागदावर एक, पेटीत दुसरं.

आम्ही दोघं सरकारी कचेरीत गेलो. माझा जबाब लिहून दिला, अंगठ्याच्या जागी सही केली, तेवढी येते मला. साहेब बरा माणूस होता. त्यानं सगळं वाचलं, पाणी मागवलं. म्हणाला, "तुमच्यावर कारवाई होईल ती होईल. पण दोर परत मागवायचे तर फाईल वर जाणार, तज्ज्ञ बसणार. दिवाळीपर्यंत निकाल लागेल." नसीम म्हणाली, "सर, पूर दिवाळीची वाट बघणार आहे का?" साहेब म्हणाला, "मला कळतंय, मॅडम. माझ्या हातात एवढंच आहे."

मग नसीमनं हे केलं. हे बघा, बांगडीसारखं दिसतंय. कोळशाच्या तारेतनं वीज तांब्यासारखी पळते. सांधा आला की अडखळते. दोर ह्या बांगडीतनं ओवायचा आणि हळूहळू वढायचा. सगळा सरळ असंल तर गप्प. सांधा असंल तर हिचा दिवा लाल होतो. दोनशे मीटरला दीड तास लागतो. दोर खराब होत न्हाई, सांधा गावला तर तेवढी वीतभर कापायची, दोन आखूड दोर चांगले उरतात.

बांगडी हातात देताना म्हणाली, "मी येणार नाही तुमच्यासंगं. गावागावात माझा फोटो पोचलाय. आणि खरं सांगू, तुमच्याशेजारी एसटीत बसायचं मला अजून जमणार नाही. पण रोज संध्याकाळी फोन करून आकडा सांगायचा."

रोज सांगतो. फोन उचलते, आकडा ऐकते, ठेवते. काल मात्र म्हणाली, "जेवलात का?" एवढंच. मला लई झालं ते.

एकसष्टातले अडतीस झाले. सगळे गप्प. चार गावांनी मला हाकललं. एका ठिकाणी एका तरण्यानं कानफटात दिली, मी म्हणलं, दुसरी पण दे, पण दोर बघू दे. दिली, आणि दोर पण दाखवला. राहिलेल्या तेविसात तुमचं गाव हाय.

आता सरपंचबाई, तुमची अडचण मला ठाऊक हाय. मघाशी ग्रामसेवक कानात बोलले ते माझ्यापर्यंत आलं. पेटीवर सरकारी सील हाय. सील तुटलं तर तुमचा दोर कागदावर बाद, आणि दुसरा पावसाळ्याआधी मिळायचा न्हाई. म्हणजे पूर आला तर गावानं सील तोडलेला दोर वापरायचा, आणि काय झालं तर जबाबदार तुम्ही. बरोबर हाय तुमचं. परक्या म्हाताऱ्याच्या बोलण्यावर, त्यातही असल्या कबुलीजबाब देत फिरणाऱ्या म्हाताऱ्याच्या बोलण्यावर, कोण गावाला धोक्यात घालंल.

मी शहाणा असतो तर तुम्हाला कायतरी पटवून दिलं असतं. मला एवढंच सांगता येतंय, की पास म्हणून लिहिलेल्या दोराला हरणवाडीनं सहा फेऱ्या नाव बांधली. तुमचा दोर चांगला असंल. साठ दोर चांगले हाईत, मी मोजून सांगतो. खराब एकच हाय, आणि तो कुणाचा ते माझ्याशिवाय कुणी बघाय फिरत न्हाई.

म्हणून हात जोडून मागतो. पेटी इथं, ह्या पारावर आणा. सील तुम्ही तोडू नका, मी तोडतो. पंचायतीच्या वहीत लिहा, की अमुक तारखेला रावसो मगदूम, राहणार इचलकरंजी, ह्यानं सील तोडलं, गावानं न्हाई. आणि ह्या वेळी लिहिताना माझ्यासमोर लिहा, मोठ्यानं वाचून दाखवा, मग मी सही करतो. आणा बाई ती पेटी.